काझी मॅडम आणि बिरूची गोळी

‘आधी त्याला खाली बसवा’ असं काझी मॅडम कुठल्या आईला म्हणाल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळं जग त्या पोरांना तेच सांगत असतं. घरी सांगतं, शाळेत सांगतं, लग्नाच्या पंगतीत सांगतं, आणि शेवटी हात टेकून आमच्याकडं पाठवतं. आमच्याकडं म्हणजे जालना रोडवर, चिकलठाण्याच्या थोडं पुढं एक हॉस्पिटल आहे, त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या मानसोपचार विभागात. मॅडम तिथं डॉक्टर, मी सोशल वर्कर. पोरगं खोलीत शिरायचं, पडदा ओढायचं, वजनकाट्यावर उडी मारायचं आणि दार उघडून पसार व्हायचं. आईचा जीव अर्धा व्हायचा. मॅडम पायात बूट सरकवायच्या, "चल जाधव," म्हणायच्या आणि त्या पोराच्या मागं चालू लागायच्या.

पकडायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं चालायचं. पोरगं लिफ्टपाशी गेलं की आम्ही लिफ्टपाशी. पोरगं पार्किंगमध्ये मोटारसायकलचे आरसे फिरवत बसलं की आम्ही शेजारी उभ्या. मॅडम ठेंगण्या, साठीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणारे. सलवार-कमीजवर पांढरा कोट, हात मागं बांधलेले. पहिले काही दिवस माझ्या डोक्यात तिडीक जायची. एम.एस.डब्ल्यू. काय पोरांच्या मागं भटकायला केलं होतं का मी? मी तशी तापटच, घरातले सगळे सांगतील. पण फेरी संपली की मॅडम आईपुढं उभ्या राहून जे सांगायच्या, ते ऐकून मी गप्प व्हायचे. लिफ्टचा आकडा बदलेपर्यंत तो थांबला. पाण्याचा नळ त्यानं स्वतःहून बंद केला. दोनदा मागं वळून बघितलं, आई दिसते का म्हणून. "म्हंजे थांबता येतं त्याला," मॅडम आईला म्हणायच्या. "पोरगं वाईट नाय गं. घाईत आहे." कितीतरी आया तिथंच पदर डोळ्याला लावायच्या. आपल्या पोराबद्दल बरं असं काही त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलंच नसायचं.

मॅडमचं लहानपण जुन्या शहरात, गल्लीत गेलेलं. एका वाक्यात तीन भाषा यायच्या. पोरांशी दखनी, आयांशी मराठी, आणि औषध कंपनीच्या लोकांशी इंग्रजी, तेही असं की समोरच्यानं पाणी मागावं. गेटवरच्या वॉचमनचं मत त्या मनापासून विचारायच्या. "ये बच्चा कैसा लगा रे तेरेकू?" तो विचार करून सांगायचा, "कल वाले से ठंडा है, मॅडम." मॅडम मान हलवून ते मला लिहायला लावायच्या. कुणी पोराला येडं म्हटलं, मग तो बाप असो नाहीतर आमदार असो, मॅडमचा आवाज एकदम खाली यायचा, आणि तो खाली आला की आम्ही सगळे खोलीतून काढता पाय घ्यायचो.

विभागात नवीन कुणी रुजू झालं की मॅडम त्याला एक गोष्ट सांगायच्या, स्वतःचीच. तरुणपणी त्या चंचल पोरांना बुद्धीचं एक टॉनिक लिहून द्यायच्या. आया येऊन सांगायच्या, मॅडम, लई फरक पडला. मग त्यांच्या एका सरांच्या हट्टापायी निम्म्या पोरांना तसल्याच बाटलीत नुसतं साखरेचं पाणी दिलं. आयांनी तेवढाच फरक सांगितला. "माँ खुश, मैं खुश, बाटलीवाला खुश," मॅडम म्हणायच्या, "फक्त पोरगं होतं तसंच." ही गोष्ट सांगताना त्या हसायच्या, पण ते हसणं काही खरं नसायचं. किती वर्षं आपण लोकांच्या हातात काहीच ठेवलं नाही, ही टोचणी त्यांच्या मनातून गेली नव्हती.

आमची ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, ह्या टोचणीतूनच उभी राहिली होती. एडीएचडीची, म्हणजे अतिचंचल पोरांना देतात ती, एक कॅप्सूल, तशी जुनी. आम्ही तिला गोळीच म्हणायचो. मोठ्या शहरांत ती बरीच वर्षं देतात. पण खेड्यातल्या, अंगानं किडकिडीत पोरांना ती कितपत मानवते, आणि सोबत आईबापांना नीट शिकवलं तर काय होतं, हे आमच्या भागात कुणी बघितलं नव्हतं. निम्म्या पोरांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी. डबे बाहेरून नंबर घालून यायचे. कुठल्या डब्यात काय, हे आम्हाला ठाऊक नसायचं आणि मॅडमनाही नसायचं. सगळं संपल्यावर एकदमच उघडायचं. आणि शेवटपर्यंत टिकलेल्या प्रत्येक पोराला, आधी त्याच्या वाट्याला काहीही आलेलं असो, पुढं वर्षभर खरी गोळी आणि तपासणी फुकट मिळणार होती. ह्या एका अटीसाठी मॅडम कंपनीशी महिनोन्महिने भांडल्या होत्या, कारण शहरात ती गोळी दोन-तीन दुकानांतच मिळायची आणि तिथंही निम्मा वेळ नसायची.

नियम मॅडमनीच लिहिले होते. एका घरातून एकच मूल घ्यायचं. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पोटात ती गोळी गेली, तर त्या घरची गोळी बंद. पूर्वी एका मुलीनं भावाच्या गोळ्या खाऊ समजून खाल्ल्या होत्या आणि तिच्या उशाशी मॅडम जीव मुठीत धरून बसल्या होत्या. तेव्हापासून हा नियम.

ही आंधळेपणाची, म्हणजे डॉक्टरलाही ठाऊक नसण्याची, भानगड लोकांना समजावताना नाकीनऊ यायचे. गंगापूरकडचे एक बागायतदार आजोबा नातवाला घेऊन आले होते. पांढरं धोतर, खाली गाडी उभी, सोबत दोन माणसं. नातवाला शाळेतून काढायला निघाले होते म्हणून आजोबांचा पारा चढलेला. सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, खरी कोणती तेवढं सांगा, बाकी आम्ही बघतो. मॅडम म्हणाल्या, मलाच माहीत नाही. आजोबा माझ्याकडं वळले. "ताई, आमच्या गावात रेड्याला सुई टोचतानासुद्धा डॉक्टरला म्हाईत असतंय काय टोचतोय ते." मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी विचारलं, कुस्तीत तुमचा नातू उतरला आणि पंच म्हणून तुम्हीच बसलात, तर तुमचा निकाल गाव मानेल का? आजोबा जरा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "मंग बरोबर हाय तुमचं," म्हणाले, आणि शेवटपर्यंत टिकले. नातवापेक्षा तेच जास्त वक्तशीर.

आमच्यापैकी कुणाच्या तोंडून चुकून निघालं की अमक्या पोराला खरी गोळी चालू असणार, तर त्याला शिक्षा होती. जिना उतरून गेटवरच्या टपरीवरून सगळ्यांचा चहा आणायचा. मॅडम म्हणायच्या, तुम्ही अंदाज केला की तुमचे डोळे तेच बघणार, पोराला बघणार नाहीत. ह्या पायी मी इतक्या खेपा घातल्या की टपरीवाला मला बघितलं की विचारायचा, आज कुणाला ओळखलं?

गयाबाई आमच्याकडं आली ती शाळेच्या गुरुजींची चिठ्ठी घेऊन. लासूर स्टेशनपासून आत एक वस्ती आहे, तिथली. नवरा बाळू मेंढरं राखायचा. मी त्या कुटुंबाला ओळखत होते, कारण आमचं शेतही तिकडंच, आणि कापूस उपटला की बाळूची मेंढरं खतासाठी दरवर्षी आमच्या रानात बसायची. बिरू तिचा थोरला, नऊ वर्षांचा. वर्गातून पळायचा, पाण्याच्या टाकीवर चढायचा, आणि एकदा तर रूळ कुठं जातात बघायला म्हणून रुळाच्या कडेनं चालत सुटला. फाटकावरच्या माणसानं धरून आणला. गुरुजी मनानं चांगले होते, पण चार वर्गांना एकटेच. त्यांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर माझ्याच्यानं जबाबदारी होणार नाही. आणि दिवाळी झाली की बाळू मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला जायचा. बिरू शाळेत टिकला तर आजीपाशी वस्तीवर राहणार, नाहीतर मेंढरांमागं जाणार. गयाबाईला ते नको होतं. "मेंढरामागं आमी हाय की जलमभर," ती म्हणाली. "ह्याला तरी नको."

धाकटा म्हाळू पाच-सहा वर्षांचा, थोरल्याचीच नक्कल. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून आमचा कॉरिडॉर असा दणाणून सोडला की मॅडमना आणि मला दोन वाटा धरून पळावं लागलं. गयाबाईनं विचारलं होतं, दोघं सारखेच हाय, मग औषध एकालाच कसं? मॅडमनी सांगितलं, धाकटा लहान आहे, त्याला चालणार नाही, आणि एका घरातून आम्ही एकालाच घेतो. गयाबाई व्हय म्हणाली.

तिच्यासारखी आई आम्हाला ट्रायलभर दुसरी भेटली नाही. नेमलेल्या दिवशी सकाळच्या गाडीनं हजर. रिकामा डबा धुऊन, फडक्यात बांधून आणलेला. मॅडमनी शिकवलेलं सगळं ती करायची. एका वेळी एकच काम सांगायचं, डोळ्याला डोळा देऊन सांगायचं, केलं की लगेच पाठीवर हात फिरवायचा. आणि बिरू हळूहळू बसू लागला. प्रार्थना संपेपर्यंत उभा राहिला. पाटीभर अक्षरं काढली. गुरुजींनी स्वतः मला फोन करून सांगितलं की पोरानं आज पूर्ण कविता म्हटली, मधे कुठं पळाला नाही. एकदा आमच्या खोलीत त्यानं मण्यांची अख्खी माळ ओवली आणि मॅडमच्या हातात दिली. मॅडम त्या माळेकडं बघत राहिल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, "ह्याला खरीच चालू आहे."

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. मग मॅडमनी कपाळाला हात लावला, किटली उचलली आणि त्या गुडघ्यांनिशी दोन मजले उतरून चहा आणला. आम्ही पोट धरधरून हसलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बिरूमध्ये त्यांचा जीव किती गुंतला होता.

त्यानंतरच्या खेपेला गयाबाई म्हाळूलाही घेऊन आली. पोरगं आईच्या मांडीला टेकून उभं राहिलं, कुठं धावलं नाही. मॅडम खूष होऊन म्हणाल्या, हा पण शहाणा झाला की, काय जादू केलीस?

गयाबाईचा चेहरा फुलला. तिला कुणीतरी हे विचारायलाच हवं होतं.

"जादू कशाची, म्याडम. गोळी दोघांला देते की. उघडून अर्धी अर्धी, गुळाच्या खड्यात घालून. एकाच्या तोंडात घातलं अन् दुसरा बघत ऱ्हायला, तर ते अंगी लागत नाय."

तिनं आमच्याकडं एकेकाकडं बघितलं, शाबासकीसाठी. मॅडमनी म्हाळूचं मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजायला लागल्या. मग त्याचं बीपी, वजन, हृदयाची पट्टी, सगळं त्यांनी जवळ उभं राहून करून घेतलं. पोरगं ठणठणीत होतं. गयाबाईला मात्र आता काहीतरी उमगायला लागलं होतं आणि ती भिंतीला पाठ लावून बसली होती.

मॅडम मला घेऊन आतल्या खोलीत आल्या, दार लावलं आणि हसायला लागल्या. मग हसता हसता रडायला लागल्या. त्यांच्या अम्मीचंही तसंच होतं म्हणाल्या. घरात पाच पोरं आणि मटणाचा एक तुकडा असला तरी अम्मी तो बोटांनी सोडवून सगळ्यांच्या ताटात घालायची. एकाला दिलं आणि बाकीचे बघत बसले तर नजर लागते, खाल्लेलं अंगाला लागत नाही. "मला हे माहीत होतं, जाधव," मॅडम म्हणाल्या. "त्या कंपनीच्या, शहरातून आलेल्या साहेबांना माहीत नसंल. मला माहीत होतं. गोळी कधी द्यायची शिकवलं, कुठं ठेवायची शिकवलं. दुसरं पोरगं समोर बसलेलं असतं का, हे नाय विचारलं."

मी स्पष्टच सांगितलं, लिहू नका. पोराला काही झालेलं नाही, गोळ्यांचा हिशोब बरोबर आहे, कुणाला कळणार आहे? दिवाळी तोंडावर आली होती. मला त्या नियमांचा, त्या डब्यांचा, सगळ्याचाच राग आला होता. मॅडमनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. "उद्या ही गोळी मी दुसऱ्या बाईच्या पोराला देणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती विचारंल, मॅडम, नक्की चालते का? मी तिला काय सांगू? थोडं खरं, थोडं जाधवनं सांगितलं म्हणून?" आणि त्यांनी जसं घडलं तसं लिहिलं.

मग गयाबाईला सांगायचं होतं. ते त्यांनी माझ्यावर ढकललं नाही. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, आजपासून गोळी बंद करावी लागतेय. गयाबाईनं विचारलं, माझं काय चुकलं? मॅडम म्हणाल्या, तुझं काही चुकलं नाही. "मंग?" गयाबाई म्हणाली. मी त्यांना कंपनीच्या मोठ्या मोठ्या लोकांना निरुत्तर करताना बघितलं होतं. त्या दिवशी त्या नुसत्या तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. थोड्या वेळानं गयाबाईनंच दोन्ही पोरांचे हात धरले आणि ती गाडी गाठायला निघाली.

मॅडमनी मग जे जे करता येईल ते केलं. ट्रायलवर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीपुढं गेल्या. ट्रायलमधून काढलं तरी वर्षभराची फुकट गोळी बिरूला द्या म्हणाल्या. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मॅडमनीच लिहिलेला नियम मॅडमना वाचून दाखवला, आणि त्यामागचं कारणही मॅडमच्याच शब्दांत. मॅडम परत आल्या, जेवणाचा डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकून ठेवला. मी शहरातल्या दुकानांत फिरले. सगळीकडं एकच, पुढच्या महिन्यात माल येईल. आणि माल आला असता तरी काय, दर महिन्याला वजन आणि नाडी बघितल्याशिवाय ही गोळी देता येत नाही, आणि बाळूच्या मेंढरांना महिना कळत नाही. मॅडम स्वतः वस्तीवर जाऊन गुरुजींना भेटल्या. बिरूला अधूनमधून उभं राहू द्या, पाणी आणायला पाठवा, फळा पुसायला लावा. गुरुजींनी मनापासून करून बघितलं. पण गोळी बंद झाल्यावर बिरू पुन्हा सुटला होता. पुन्हा टाकीवर चढला, पुन्हा रुळाकडं गेला. दिवाळी झाली आणि तो मेंढरांमागं निघून गेला.

मॅडमनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त नवीन आई आली की पहिला प्रश्न तोच विचारायला लागल्या, घरात अजून पोरं किती, आणि ह्याला देताना ती कुठं असतात?

थंडी सरत आली तेव्हा ट्रायल संपली आणि नंबर उघडले. गोळीचा गुण दिसला होता. सगळ्यांना नाही, पण रिकामीपेक्षा स्पष्ट जास्त. मॅडम ज्यासाठी इतकी वर्षं थांबल्या होत्या ते त्यांना मिळालं होतं. पेढे आले, कंपनीचे लोक हात मिळवून गेले. सगळे पांगल्यावर मॅडमनी मला बिरूचा नंबर बघायला सांगितला.

रिकामी होती. बिरूच्या डब्यात काही नव्हतं. गयाबाईनं ज्याचे दोन वाटे केले ते नुसतं पीठ होतं.

माझं डोकंच फिरलं. पिठासाठी आपण त्याला काढलं? तो टिकला असता तर ह्या महिन्यापासून त्याला खरी मिळाली असती. मी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. "पीठ आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं?" त्या एवढंच म्हणाल्या. मग वळून म्हणाल्या, "म्हंजे तो आपल्याआप बसत होता, जाधव. तिनं त्याला बसवलं होतं. गोळी गेली तसा तिचाच धीर सुटला." आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जीव आला. हे तिला सांगायलाच पाहिजे, म्हणाल्या. गोळीशिवाय झालं होतं, तर पुन्हाही होईल. त्यांनी तिथूनच गुरुजींना फोन लावला आणि अर्धा तास बोलून त्यांना तयार केलं. पोराला आणा, मी पुन्हा बसवून घेतो, असं गुरुजींकडून वदवून घेतलं.

महिनाअखेरीला मॅडम रिटायर होणार होत्या आणि मुलीकडं हैदराबादला जाणार होत्या. आता सणावाराला फोन होतो, आवाज तोच आहे. पण त्यांना शेवटचं मी बघितलं असं मला वाटतं ते त्यांच्या निरोपसमारंभात नाही, आमच्या रानात. माझ्या भावाचा फोन आला होता की बाळूची मेंढरं आपल्या रानात बसलीत आणि उद्या सकाळी पुढं निघणार. मॅडमना सांगितलं तर त्या लगेच उठल्या. दुपारी आम्ही रानात पोचलो.

कापूस उपटून मोकळं झालेलं रान. मेंढरं बांधाच्या कडेला, त्यांच्या पलीकडं बिरू दिसत होता, काठी फिरवत इकडून तिकडं धावणारा. म्हाळू त्याच्या मागं. बाळू गावात गेला होता. गयाबाईनं तीन दगडांवर चहा ठेवला, आम्हाला बसायला पोतं अंथरलं. तब्येतीच्या, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. तिच्या बोलण्यात कुठंही राग नव्हता, आणि तेच मला सोसत नव्हतं.

मॅडमनी कप खाली ठेवला आणि सांगितलं. अगदी सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं. त्या गोळीत औषध नव्हतं. आम्हालाही ते आत्ता कळलं. बिरू बसत होता तो तुझ्या शिकवण्यानं बसत होता. गुरुजी घ्यायला तयार आहेत, त्याला आजीपाशी ठेव, शाळेत घाल, जमेल त्याला.

गयाबाई ऐकत राहिली. मग तिनं मान हलवली.

"नाय, म्याडम. गोळीनंच बसत व्हता. बंद झाली अन् दोन रोजात पळाया लागला. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मॅडमनी पुन्हा सांगितलं. टॉनिकच्या बाटल्यांचं सांगितलं, साखरेच्या पाण्याचं सांगितलं. जे त्यांनी जन्मभर डॉक्टरांना समजावलं होतं, ते सगळं त्या उन्हात, पोत्यावर बसून त्या गयाबाईला समजावत होत्या. गयाबाई खाली बघून चुलीतलं जळण मागंपुढं करत होती.

"तुमी बंद केली," ती हळूच म्हणाली, "म्हणून आता रिकामी व्हती म्हणता. असू द्या. माझंच चुकलं व्हतं."

मी बोलायला तोंड उघडलं तर मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. आता कुठला कागद दाखवायचा हिला? आणि वाचणार कोण? मॅडम उठल्या. गयाबाईही उठली आणि अगदी जवळ येऊन उभी राहिली. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली केला.

"आता नाय वाटणार, म्याडम. एकट्या बिरूलाच दीन. आदी म्हाळूला पार तिकडं मेंढरामागं धाडीन, मंगच ह्याच्या तोंडात घालीन. त्यो बघणारच नाय. दोन्ही लेकरांची आण घेते. द्या."

तिनं ओंजळ पुढं केली.

मॅडमनी पर्स उघडली. आत चष्म्याचं घर, घराच्या किल्ल्या, एक रुमाल. गोळी नव्हती, असणारच नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्या एकेका कप्प्याची चेन उघडत राहिल्या, आत हात घालून बघत राहिल्या, आणि गयाबाई ओंजळ धरून उभी होती.